चिमूटभर झिर्कोनियम

ईद जवळ आली की आमच्या घरी हातशेवयांची तयारी सुरू होई. अम्मी बारीक मैद्यात चिमूटभर मीठ घालून कणीक तिंबत असे. "एवढ्याशा मिठाने काय होते?" असे मी एकदा विचारले. ती म्हणाली, "कधी विसरून बघ, म्हणजे कळेल." पुढे मला ते कळले, पण स्वयंपाकघरात नव्हे, प्रयोगशाळेत!

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात धातुशास्त्र शिकत होतो. शेवटच्या वर्षी मला मॅग्नेशियमवर प्रयोग करायचा होता. मॅग्नेशियम फार हलके असते. त्याची घनता १.७४, तर लोखंडाची ७.८७. पण थंड असताना ते वाकवू लागलो, तर चटकन तडकते.

काही संमिश्र धातू मात्र गरम करून सावकाश ओढले, तर न तुटता कित्येक पट लांब होतात. या गुणाला अतिसुघट्यता म्हणतात. १९३४ साली इंग्लंडमध्ये पिअर्सन यांनी बिस्मथ व कथील यांच्या संमिश्राची कांडी मूळ लांबीच्या सुमारे वीसपट ओढून दाखवली होती. यासाठी धातूतील स्फटिककण बारीक हवेत. असे कण एकमेकांवरून सहज सरकतात. भरड पिठाची कणीक तुटते, बारीक पिठाची ओढली जाते, तसेच काहीसे हे आहे.

माझ्या संमिश्रात शेकडा सहा भाग जस्त आणि केवळ अर्धा भाग झिर्कोनियम घालायचे होते. वितळलेल्या मॅग्नेशियममध्ये झिर्कोनियमचे सूक्ष्म कण बीजासारखे काम करतात. प्रत्येक बीजाभोवती स्फटिक वाढू लागतो. बीजे पुष्कळ असली, की स्फटिकही पुष्कळ आणि लहान होतात.

तापलेले मॅग्नेशियम हवेत पेट घेते. त्यामुळे मी घाबरलो होतो. मूस नीट न ढवळताच मी धातू घाईघाईने साच्यात ओतला. मग तो गरम करून दाबयंत्राच्या भोकातून काढला. त्याची कांडी ३०० अंश सेल्सिअसला ओढली, तर ती थोडीशी लांबली आणि तुटली!

अहवाल देण्यास चारच दिवस उरले होते. एक मित्र म्हणाला, "पुस्तकातला आकडा लिहून टाक. कोण पाहतो?" त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी मी सरांना सारे खरे सांगितले.

सरांनी कांडीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. कण चांगलेच मोठे होते. सर म्हणाले, "झिर्कोनियम जड असते. ढवळले नाही, म्हणून ते तळाशी बसले. आता पुन्हा कर, आणि ही चूकही अहवालात लिही."

मी पुन्हा प्रयोग केला. या वेळी मूस नीट ढवळली. नवी कांडी हळूहळू ताणत गेली आणि मूळ लांबीच्या चौपट झाली. अहवाल उशिरा दिल्यामुळे माझे गुण कापले गेले. पण अहवालातला प्रत्येक आकडा माझा होता.

ईदला मी दोन्ही कांड्या घरी नेल्या. अम्मीने त्या हातात घेऊन निरखून पाहिल्या. मग तुटकी कांडी माझ्यापुढे धरून ती हसत म्हणाली, "हिच्यात मीठ विसरलास वाटते!"