पुटनीचा होडीसुतार

लंडन शहरात थेम्स नदीच्या काठी पुटनी नावाचा भाग आहे. जॅक होल्ट यांची होड्या बांधण्याची छोटी कार्यशाळा तेथे होती. होल्ट यांचा जन्म १९१२ चा. दुसरे महायुद्ध संपल्यानंतर, १९४६ साली, बीचर मूर या भागीदारासह त्यांनी हा व्यवसाय उभा केला. मोठ्या नौकांचा त्यांना सोस नव्हता. एकदोन माणसांनी शीड उभारून वाऱ्यावर हाकावी अशी चिमुकली होडी, जिला डिंगी म्हणतात, तीच त्यांच्या आयुष्याचा ध्यास झाली.

त्यापूर्वी डिंगी बांधणे हे मुरलेल्या हाताचेच काम होते. पातळ फळ्या एकीच्या काठावर दुसरी चढवून तांब्याच्या खिळ्यांनी जोडाव्या लागत. सामान्य नोकरदाराला अशी होडी परवडणे कठीण. युद्धकाळात मात्र विमानबांधणीच्या निमित्ताने पाण्याला दाद न देणारा सरस आणि टिकाऊ प्लायवूड यांत मोठी प्रगती झाली. या साहित्यातून हलकी, स्वस्त आणि घरच्या घरी जुळवता येईल अशी होडी निघू शकेल, हे होल्ट यांनी ओळखले. १९४७ साली ‘यॉटिंग वर्ल्ड’ मासिकाच्या पुढाकाराने त्यांनी मुलांसाठी ‘कॅडेट’ आखली. १९५६ साली ‘न्यूज क्रॉनिकल’ या वृत्तपत्राच्या साहाय्याने निळ्या शिडांची ‘एंटरप्राइज’ आली. १९६२ साली दूरचित्रवाणीवर घरगुती सुतारकाम शिकविणारे बॅरी बकनेल यांच्यासह त्यांनी ‘मिरर’ घडविली. ‘डेली मिरर’ने ती वाचकांपुढे ठेवली, म्हणून तिचे शीड तांबडे.

मिररची युक्ती शिंप्याला शोभणारी आहे. प्लायवूडचे तुकडे आधीच मापात कापलेले असतात. त्यांच्या कडांना भोके पाडून ते तांब्याच्या तारेने एकमेकांना शिवायचे, तार पिळून आवळायची आणि सांध्यांवर काचतंतूची पट्टी राळेने चिकटवायची. जेमतेम अकरा फुटांची ही होडी सुट्या भागांच्या स्वरूपात त्रेसष्ट पौंड अकरा शिलिंगांना मिळे. कारकून, शिक्षक, कामगार यांनी ती घरामागच्या पडवीत बांधली. अशा सत्तर हजारांहून अधिक होड्या जगभर तयार झाल्या.

हा इतिहास वाचताना मला माझे वडील आठवतात. वसईच्या खाडीकाठी ते मच्छीमारांच्या होड्या बांधीत. त्यांच्याजवळ नकाशा नव्हता, वही नव्हती. खुणा केलेली एक काठी आणि डोळ्यांतली नजर, एवढाच त्यांचा हिशेब. होडीची नाळ किती उचलावी, हे ते मालकाला चार प्रश्न विचारून ठरवीत : कोठे जाणार, कोणते जाळे टाकणार, किती माणसे बसणार. म्हणूनच त्यांच्या दोन होड्या कधी सारख्या नसत. आम्हा भावंडांना मात्र त्यांनी वाकसाला हात लावू दिला नाही. “तुमचे हात कागदावर चालू देत,” असे ते म्हणत. त्यांच्या कष्टांवर आम्ही शिकलो, कचेऱ्यांत लागलो. ते गेले तेव्हा ती काठी घरात उरली. तिच्यावरील खुणांचा अर्थ सांगणारे कोणी उरले नाही.

होल्ट यांनी आपली खुणांची काठी जणू सर्वांच्या हाती दिली. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धेतील शिडांच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या. त्यांत ‘एंटरप्राइज’ वर्गाचे सुवर्णपदक पाकिस्तानच्या बायराम आणि गोश्पी आवारी या दांपत्याने जिंकले. पुटनीच्या सुताराने आखलेली होडी आमच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचली होती. वडिलांच्या होड्या खाडीच्या मुखापलीकडे फारशा कुणाला ठाऊक झाल्या नाहीत.

यात श्रेष्ठकनिष्ठ ठरविण्याचा माझा हेतू नाही. सत्तर हजार मिरर एकाच साच्यातील आहेत; वडिलांची प्रत्येक होडी एका माणसाच्या संसारासाठी बेतलेली होती. होल्ट यांच्या पद्धतीत हे मोल हरवते, हे मान्य करावेच लागेल. पण १९९५ साली होल्ट वारले, तेव्हा त्यांची विद्या त्यांच्याबरोबर गेली नाही. ज्यांना त्यांनी कधी पाहिलेही नव्हते, अशा माणसांच्या हातांत ती सुखरूप होती. वडिलांनी आम्हांला मायेपोटी वाकसापासून दूर ठेवले. त्या मायेची किंमत त्यांच्या कलेने मोजली.

आपल्या गावांत अजूनही काही जाणते हात आहेत. कुणी जाळे विणतो, कुणी टोपली वळतो, कुणाला विहिरीचा रहाट बसविता येतो. त्यांची मुले दुसऱ्या वाटांनी गेली आहेत आणि ते योग्यही आहे. परंतु शेजारच्या एखाद्या मुलाने वही घेऊन त्यांच्याजवळ बसावे, मापे विचारावीत, खुणांचा अर्थ लिहून घ्यावा. कला चालविण्यास वारस पोटचाच हवा असे नाही.