मॅलाकॉफचे तांबडे कडे



छायाचित्रात दिसणारे मॅलाकॉफ डिगिन्सचे तांबडे-पिवळे कडे वाऱ्यापावसाने कोरले असावेत असे कोणासही वाटेल; प्रत्यक्षात सिएरा नेवाडाच्या पश्चिम उतारावरचा हा सुमारे १८० मीटर खोल खड्डा माणसाने पाण्याच्या माऱ्याने पाडलेला आहे.

पॅसिफिकचा तळ अमेरिकेच्या भूखंडाखाली सरकत असताना खोलवर शिलारस थिजून या पर्वताचा ग्रॅनाइट घडला, आणि पायथ्याकडच्या जुन्या खडकांच्या भेगांतून वर चढलेल्या उष्ण, खनिजयुक्त पाण्याने गारगोटीच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या, शिरा भरून त्यांत सोने सोडले. अशा शिरांच्या सुमारे १९० किलोमीटर लांब पट्ट्याला ‘मदर लोड’ म्हणतात. पुढे, चार-पाच कोटी वर्षांपूर्वी, प्राचीन नद्यांनी त्या शिरा झिजवून सोन्याचे कण गोट्यांच्या थरांत पसरवले. ज्वालामुखीच्या राखेने ती पात्रे बुजली, पर्वत पश्चिमेकडे कलला आणि नव्या नद्या जुनी पात्रे कापत वाहू लागल्या.

त्यांपैकीच एका नदीकाठी, कोलोमा येथे, जॉन सटरच्या लाकूडगिरणीच्या पाटात २४ जानेवारी १८४८ रोजी जेम्स मार्शलला सोने दिसले. अवघ्या नऊ दिवसांनी झालेल्या तहाने मेक्सिकोने हा प्रदेश अमेरिकेला दिला, तोही या शोधाची वार्ता नसताना. थोड्याच वर्षांत सुमारे तीन लाख माणसे तेथे लोटली. ‘गोल्ड रश’ची वर्णने बहुधा या माणसांच्या धाडसाभोवती फिरतात आणि त्याच भूमीवरील निसेनान व मिवोक लोकांचा संहार एका ओळीत उरकतात, हे खटकणारे आहे.

सुरुवातीचे काम सराफकट्ट्यावरची धूळ धुणाऱ्या झारेकऱ्याच्या कामाहून वेगळे नव्हते: पसरट पाटीत वाळू घेऊन ती पाण्यात गोल हलवायची, हलकी वाळू काठावरून वाहू द्यायची आणि पाण्याच्या १९ पट जड असलेले सोने तळाशी उरू द्यायचे. नदीतले सोपे सोने सरल्यावर मात्र नजर डोंगरात गाडलेल्या जुन्या पात्रांकडे वळली. १८५३ मध्ये नेवाडा सिटीजवळ एडवर्ड मॅटसनने नळीच्या तोंडाशी चिंचोळी तोटी बसवून पाण्याच्या जोरावर टेकडी ढासळवली. त्याच युक्तीतून पुढे ‘मॉनिटर’ नावाच्या लोखंडी तोफा आल्या, ज्यांचा मारा कडेच्या कडे खाली आणी. तो चिखल लाकडी पन्हाळीतून वाहताना त्यात पारा टाकत, कारण पारा सोन्याला धरून ठेवतो.

उरलेला राडा युबा नदीत जाई. तिचे पात्र उथळ होऊन मेरिसव्हिलला पूर येऊ लागले, शेते गोट्यांखाली गेली, आणि एडवर्ड्‌स वुडरफ या जमीनमालकाच्या दाव्यात न्यायमूर्ती लोरेन्झो सॉयर यांनी ७ जानेवारी १८८४ रोजी नदीत राडा सोडण्यास मनाई केली. खाणी त्या निकालाने थंडावल्या. सोने अजून शिल्लक होते.

वाहून गेलेला पारा मात्र गाळात आहे आणि माशांच्या अंगात उतरतो. त्या बाजूच्या तळ्याकाठी गळ टाकण्यापूर्वी कोणता मासा किती खावा हे सांगणारी पाटी जरूर वाचावी.