असली की तिजारी?

आमच्या वाडीपर्यंत बारा महिने येणारी एकच गाडी आहे, ती म्हणजे आमची जुनी जिप्सी. दापोलीच्या बाजूची आमची वाडी सड्यावर आहे. डांबरी रस्ता खाली पऱ्यापाशी संपतो. तिथून वर दीड किलोमीटर जांभ्याचा चढ. पावसाळ्यात त्या चढावर रिक्षा येत नाही आणि साध्या गाडीची चाकं जागेवरच फिरतात. जिप्सीचा छोटा दांडा ओढून चारही चाकांना जोर दिला की ती मुंगीसारखी वर चढते.

ही गाडी माझ्या शौहरांनी कुवेतला जाण्याआधी घेतली, आंब्याच्या पेट्या खाली उतरवायला. गेली तीन वर्षं मात्र तिचं मोठं काम वेगळंच आहे. माझ्या सासूबाईंना, आम्ही सगळे त्यांना अम्मी म्हणतो, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं. खालच्या वाडीतले निवृत्त गुरुजीही त्याच दिवशी त्याच गाडीतून जातात. त्यांचा मुलगा मुंबईला असतो. गाडी माझा धाकटा दीर चालवतो. घरखर्चाची आणि गाडीची वही माझ्याकडे असते.

गेल्या जूनमध्ये गाडी चढावर दम टाकू लागली. खाली सपाटीला ठीक, उभी असताना इंजिनाचा आवाजही ठीक. पण माणसं बसली आणि चढ लागला की झटके देऊन बंद पडायची. थोडा वेळ थांबलं की पुन्हा सुरू. एकदा मधल्या वळणावर अम्मी आणि गुरुजी आत असताना ती बंद पडली. दिराने हँडब्रेक ओढला आणि उतरून चाकांमागे दगड लावले. इंजिन बंद पडलं की एकदोनदा दाबल्यावर ब्रेकचं पेडल घट्ट होतं, पायाला सगळा जोर लावावा लागतो, हे मला त्या दिवशी कळलं. चार तासांच्या डायलिसिसनंतर थकलेली दोन माणसं पावसात, उतारावर, मागे दरी. त्या रात्री घरात कुणी नीट जेवलं नाही.

आमचे मिस्त्रीचाचा बाजारपेठेत चाळीस वर्षं गॅरेज चालवतात. ते म्हणाले, "बेटी, आधी मोजू, मग बदलू. न मोजता पार्ट बदलणं म्हणजे नाडी न बघता गोळी देणं."

आणि त्यांनी खरंच मोजलं. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत टाकीच्या आत विजेवर चालणारा पंप असतो, तो ठरावीक दाबाने पेट्रोल पुढे ढकलतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांना अगदी कमी दाब, पाव बारच्या आसपास, पुरायचा. इंजेक्शनच्या गाडीला त्याच्या दहापट, म्हणजे अडीच ते तीन बार लागतो. चाचांनी पेट्रोलच्या पाइपला घड्याळासारखा मीटर जोडला. गाडी उभी असताना काटा अडीचच्या आसपास होता. चढावर नेली तर काटा दीडवर आला. जोर हवा तिथे वाढायचा सोडून दाब पडत होता.

तरीही त्यांनी पंपावर लगेच शिक्का मारला नाही. पंपाच्या वायरीला वीज किती पोहोचते ते पाहिलं. बॅटरीवर साडेतेरा व्होल्ट, आणि पंपापाशी जेमतेम साडेदहा. अर्थिंगचा जोड खाऱ्या हवेने गंजून हिरवा झाला होता. तो घासून नवा जोड दिला. कित्येकदा एवढ्यावरच पंप "बरा" होतो आणि बिचाऱ्या गिऱ्हाइकाला नवा पंप विकला गेलेला असतो, असं चाचा म्हणाले. आमच्याकडे वायर सुधारल्यावर काटा थोडा वर आला, पण चढावर दोनच्या पुढे गेला नाही. म्हणजे मोटर झिजली होती. इतकी वर्षं चालली, तक्रार करायला जागा नव्हती.

आता प्रश्न आला पैशाचा. जिप्सीचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं. पार्ट मिळतात, पण वाट पाहावी लागते. आमच्यासमोर तीन रस्ते होते. पहिला, टाकीत बसणारा पूर्ण संच, म्हणजे पंप, त्याची चौकट, जाळी, सगळं एकत्र; किंमत ९,५०० रुपये. दुसरा, चौकट जुनीच ठेवायची आणि आतली मोटर तेवढी बदलायची. त्याच मापाची, तेवढ्याच दाबाची मोटर इतर छोट्या पेट्रोल गाड्यांतही बसते आणि पंप बनवणाऱ्या नावाजलेल्या कारखान्याची ती १,८०० रुपयांत मिळत होती. तिसरा, बिननावाची मोटर, फक्त ५५० रुपये. दिसायला तिन्ही मोटरी सख्ख्या बहिणी.

रात्री शौहरांचा फोन आला. ते म्हणाले, "कुवेतमध्ये पार्टच्या दुकानात पहिला सवाल हाच असतो, असली की तिजारी? असली म्हणजे गाडीच्या कंपनीच्या डब्यातला, तिजारी म्हणजे बाजारातला. इथे वाळवंटात जाणारे मोठमोठ्या गाडीवालेसुद्धा तिजारी घेतात. पण तू असलीच घे, मी पैसे पाठवतो."

त्यांचं म्हणणं मायेचं होतं. पण ते पैसे कुठून येणार होते ते मला ठाऊक होतं. त्या महिन्यात मुलीची कॉलेजची फी भरायची होती, अम्मींची इंजेक्शनं होती. परदेशातल्या माणसाला "पाठवा" म्हणणं सोपं असतं. तो तिथे काय कमी करून पाठवतो ते तो सांगत नाही. शेजारपाजारच्यांचं मत उलट होतं. "साडेपाचशेची टाका भाभी, बघू चालेल तितकी." त्या म्हणण्यातही वाईट हेतू नव्हता. आपल्याकडे काटकसर म्हणजे चांगली गृहिणी, असंच शिकवलेलं असतं.

मी चाचांना विचारलं, "तुमची गाडी असती तर काय केलं असतं?" ते म्हणाले, "माझी एकट्याची असती आणि सपाटीला चालणारी असती तर कदाचित साडेपाचशेची टाकून पाहिली असती. बंद पडली तर मी चालत घरी गेलो असतो."

त्या एका वाक्याने माझा हिशेब सुटला. स्वस्त घेण्यात गैर काही नाही. गरज नसताना जास्त पैसे घालणं हाही इस्राफच आहे. पण स्वस्त वस्तूने घात केला तर तो कुणाच्या डोक्यावर येणार, हा खरा सवाल आहे. माझ्या डोक्यावर येणार असेल तर ती माझी काटकसर. अम्मींच्या आणि गुरुजींच्या डोक्यावर येणार असेल तर ती काटकसर नव्हे. त्यांच्या जिवावर मी वाचवलेले पैसे आहेत ते. आपल्या गाडीत बसलेला माणूस आपल्याकडे अमानत असतो. तो मीटर बघत नाही, डबा बघत नाही, आपल्यावर विश्वास ठेवून बसतो.

म्हणून ५५० ची मोटर बाद. पण मग ९,५०० चीच का? चाचांनी समजावलं की चौकट पत्र्याची आहे, गंज वरवरचा आहे, पेट्रोलची पातळी दाखवणारा फ्लोटही चालतो. संच घेतला असता तर झिजलेल्या मोटरबरोबर या चांगल्या वस्तूंचेही पैसे पुन्हा मोजावे लागले असते. आम्ही मधला रस्ता घेतला. मात्र चाचांनी अट घातली: मोटर स्वस्त, पण तिच्याभोवतीचं काही स्वस्त नाही.

मोटर आणायला दीर मुंबईला, कुर्ल्याच्या सीएसटी रोडला गेला. तिथे एका दुकानदाराने त्याला जे सांगितलं ते मला फार आवडलं. समोर एकाच नावाचे दोन डबे ठेवून तो म्हणाला, "हा माल खरा. हा डबा खऱ्यासारखा, माल दुसराच. स्वस्तात मागतात म्हणून ठेवतो, पण सांगून देतो." बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतलं ओलं धान्य वर ठेवायला सांगण्याचा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पार्टच्या दुकानात ओलं धान्य डब्याच्या आत असतं, आणि ते गिऱ्हाइकाला दिसत नाही. सांगून विकणारा भेटला हे आमचं नशीब. पण तसा डबा ठेवूच नये, असं मला आजही वाटतं.

मोटर बसवायच्या दिवशी मी गॅरेजमध्ये स्टुलावर बसून सगळं पाहिलं. आधी बॅटरीची तार काढली. पाइपातला दाब सोडला. टाकी खाली उतरवली. तळाला गंजाचा भुगा आणि थोडं पाणीही निघालं. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. कोकणच्या पावसात टाकी स्वच्छ ठेवणं म्हणून जास्त गरजेचं झालं आहे. जुने रबरही त्यात लवकर खराब होतात.

मोटरच्या तोंडाला जाळी असते, ती नवी घातली. मोटरपासून वर जाणारा तीन-चार इंचांचा रबरी पाइप मात्र सगळ्यात महत्त्वाचा, असं चाचा म्हणाले. हा पाइप टाकीत बुडलेला राहतो. बाहेर वापरायचा साधा पेट्रोल पाइप आतून टिकतो, पण बाहेरून पेट्रोल लागलं की फुगतो, मऊ पडतो आणि एक दिवस निसटतो. मग पंप जोरात चालतो, पण पेट्रोल टाकीतच फिरत राहतं आणि लोक म्हणतात, "स्वस्त मोटर टाकली म्हणून गेली." दोष मोटरचा नसतो, शंभर रुपये वाचवलेल्या पाइपाचा असतो. बुडून राहण्यासाठी बनवलेला पाइप वेगळा मिळतो आणि महाग असतो. आम्ही तो घेतला. वायरीही दाबून घट्ट जोडल्या, नुसत्या पिळून टेप गुंडाळली नाही.

माझ्या वहीतला खर्च असा: मोटर १,८००, जाळी २५०, पाइप आणि क्लिपा ३००, नवा फिल्टर ३५०, टाकीचा वॉशर १५०, मजुरी १,५००. एकूण ४,३५० रुपये. पूर्ण संच घेतला असता तर फिल्टर, वॉशर आणि मजुरी धरून ११,५०० झाले असते. ७,१५० रुपये वाचले. त्यातून आधी ब्रेकची रबरं बदलली आणि गाडीत आग विझवायचं छोटं नळकांडं ठेवलं. बाकीचे फीला गेले.

पण वाचले असं म्हणण्याआधी परीक्षा घेतली. अम्मींना न बसवता मागे जांभ्याचे आठ चिरे भरले, म्हणजे चार-पाच माणसांचं वजन सहज. मीटरची नळी बॉनेटखालून काढून काचेपुढे बांधली आणि चाचा शेजारी बसून चढ चढले. वळणावर काटा पावणेतीनवर होता. इंजिन तापल्यावर पुन्हा, तिसऱ्यांदा पुन्हा. काटा हलला नाही. त्यानंतरच्या दोन फेऱ्या दीर एकटा गाडी घेऊन गेला. त्या दिवसांत अम्मींसाठी आणि गुरुजींसाठी खाली डांबरीवर भाड्याची गाडी आणि वर पालखीसारखी खुर्ची, अशी सोय वाडीतल्या पोरांनी केली. तिसऱ्या फेरीला दोघं गाडीत बसले. अल्हम्दुलिल्लाह, आता वर्ष होत आलं, गाडी चढावर एकदाही थांबलेली नाही.

घरात आम्ही तीन नियम केले आहेत, ते सांगते, कारण ते कुठल्याही गाडीला लागू पडतील. टाकी पाव भागाच्या खाली उतरू द्यायची नाही, कारण टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो. सकाळी चावी फिरवल्यावर दोन सेकंद मागून येणारी बारीक गुणगुण ऐकायची. आवाज चिरका झाला की चाचांकडे जायचं. आणि तिसरा नियम कागदाचा. गाडीच्या खणात एक चिठ्ठी ठेवली आहे: मोटर कोणत्या तारखेला बसवली, किलोमीटर किती होते, आणि ती कंपनीच्या डब्यातली नाही, बाजारातली आहे.

या चिठ्ठीवरून दीर मला हसला होता. म्हणाला, "भाभी, उद्या गाडी विकायची झाली तर ही चिठ्ठी बघून गिऱ्हाईक हजार-दोन हजार तोडेल." मी म्हटलं, तोडू दे. आपण विचार करून, मोजून, तपासून स्वस्त वस्तू घेतली, त्यात लपवण्यासारखं काय आहे? लपवावंसं वाटलं असतं तर ती वस्तू घ्यायलाच नको होती.

शौहर ईदला आले तेव्हा त्यांनी स्वतः गाडी वर चढवली. खण उघडून चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, "तिजारीच घेतलीस तर." मग खिशातून पेन काढून त्यांनी चिठ्ठीच्या खाली त्या दिवसाची तारीख आणि किलोमीटर लिहिले. आता दर महिन्याला दीर तेच करतो.