फसणे आणि फसविणे

इंग्रजीतील ‘डिसीव्ह’ या क्रियापदासाठी मराठीत फसविणे, ठकविणे, भुलविणे, गंडविणे, चकविणे असे शब्द मुबलक आहेत. परंतु ही सारी प्रयोजक रूपे होत. त्यांच्या मुळाशी फसणे, ठकणे, भुलणे, गंडणे, चकणे ही अकर्मक क्रियापदे आहेत. ‘डिसीव्ह’चे लॅटिन मूळ ‘पकडणे’ या अर्थाच्या धातूत आहे. त्यात पकडणारा गृहीतच असतो. कर्मणी रचनेत त्याचे नाव गाळले, तरी ‘कोणी?’ हा प्रश्न उरतो. मराठी ‘फसला’मध्ये त्याला जागाच नाही. जो फसला तोच वाक्याचा कर्ता!

छत्रपती संभाजीनगरात पदव्युत्तर वर्गाला अनुवाद शिकविताना हे मला वारंवार जाणवते. बियाणे बोगस निघाले की मराठवाड्यात आपण सहज म्हणतो, ‘शेतकरी फसला’. विकणारा त्या वाक्यातून निसटतो. ‘कादंबरी फसली’ असे समीक्षक म्हणतो, तेव्हा हेच क्रियापद अपयश सांगते; त्यामुळे शेतकऱ्यावरील अन्यायही त्याचेच अपयश भासू लागतो. कायदा येथे सावध आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेचे कलम ४१५ आणि २०२४ पासून तिच्या जागी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८, दोन्हींतील व्याख्या फसविणाऱ्यापासूनच सुरू होते.

मराठीलाही हे साधते. ‘गंडा घातला’ म्हणताच घालणारा पुढे येतो. ‘मी फसलो’ यात स्वतःच्या भाबडेपणाची कबुली आहे. ती ज्याची त्याने द्यावी. दुसऱ्याविषयी लिहिताना मात्र ‘तो फसला’ की ‘त्याला फसविले गेले’, ही निवड करताना अनुवादक दोष कोणाचा हेही ठरवीत असतो.