दडपण आणि रक्तदाब

भीती व्यक्त करण्यासाठी मराठीत जे वाक्प्रचार आहेत, त्यांतील बहुतेक शरीराचे आहेत. घशाला कोरड पडते, छातीत धस्स होते, पोटात गोळा येतो, हातापायांना कापरे भरते, दरदरून घाम फुटतो, पायाखालची जमीन सरकते. शालेय पुस्तकांत ही लाक्षणिक अर्थाची उदाहरणे म्हणून येतात. वैद्यकशास्त्राच्या नजरेने पाहिले तर ती जवळजवळ शब्दशः नोंद आहे. संकटाची चाहूल लागताच ॲड्रेनालिन रक्तात उतरते, हृदयाचे ठोके वाढतात, लाळ आटते, पचन मंदावते, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळते म्हणून बोटे गार पडतात. लढा किंवा पळा ही शरीराची सिद्धता वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने 1915 मध्ये वर्णिली. वाघ समोर असेल तर ती प्राण वाचवते. वाघ नसतानाही ती सारी यंत्रणा एकाएकी जागी झाली, तर त्याला आज पॅनिक अटॅक म्हणतात.

आमच्या परंपरेला ही लक्षणे अपरिचित नाहीत. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. यांतला प्रलय म्हणजे शुद्ध हरपणे. भीतीने रक्तदाब नेहमी वाढतोच असे नाही. रक्त किंवा सुई पाहताच काहींचा दाब क्षणभर चढून एकदम उतरतो आणि माणूस कोसळतो. गीतेच्या पहिल्या अध्यायातला अर्जुन तर एखाद्या रुग्णासारखा आपली लक्षणे क्रमाने सांगतो. गात्रे गळतात, तोंड सुकते, कंप सुटतो, अंगावर काटा येतो, गांडीव हातातून निसटते, त्वचा जळते, उभे राहवत नाही, मन भोवंडते. त्याच्या ठायी भीतीपेक्षा करुणा आणि शोक अधिक आहे हे खरे; पण शरीराची भाषा तीच. आणि अर्जुनाला भित्रा म्हणण्याचे धाडस कोण करील?

आता थोडे स्वतःविषयी. आम्ही दोघे नाशिकच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. काही वर्षांपूर्वी, उत्तरपत्रिका तपासण्याच्या दिवसांत, आम्हां दोघांपैकी एकाला रात्री अकराच्या सुमारास छातीत विलक्षण धडधड सुरू झाली. श्वास पुरेना, डाव्या हाताला मुंग्या आल्या, आता आपण जगत नाही अशी खात्रीच पटली. शेजाऱ्यांकडचे यंत्र आणले. आकडा आला 168/102. तो वाचताच धडधड वाढली, आणि पुढचा आकडा त्याहून वर गेला. रुग्णालयात ईसीजी झाला, रक्त तपासले गेले, हृदय निर्दोष निघाले. तासाभराने तोच रक्तदाब 126/82 होता. एकही गोळी दिलेली नव्हती.

पुढच्या दोन महिन्यांत असे आणखी तीनदा झाले. मधल्या दिवसांत छळले ते झटक्याने नव्हे, झटक्याच्या धाकाने. घरात यंत्र आले आणि दिवसातून दहा-बारा वेळा पट्टा दंडाला गुंडाळला जाऊ लागला. प्रत्येक आकडा जणू निकाल. दुसऱ्याच्या वाट्याला आले ते रात्री त्या श्वासांचा कानोसा घेत जागणे. अखेर डॉक्टरांनी दोन गोष्टी केल्या. मोजणे सकाळ-संध्याकाळवर आणले आणि मानसोपचारतज्ज्ञांचा पत्ता दिला.

मोजण्याचीही एक शिस्त आहे, हे तेव्हा कळले. आधी पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली, पावले जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीत, बोलू नये, त्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. भर झटक्यात मोजलेला आकडा त्या झटक्याविषयी सांगतो, आपल्या रक्तवाहिन्यांच्या नित्य अवस्थेविषयी नव्हे. दवाखान्यात डॉक्टरांना पाहूनच ज्यांचा दाब चढतो, त्यांच्या बाबतीतही हाच घोळ होतो.

या साऱ्यात भाषेचा एक सापळा आहे आणि भाषेचे शिक्षक म्हणून तो सांगणे आम्हांला अगत्याचे वाटते. आपण दडपण म्हणतो, दबाव म्हणतो, रक्तदाब म्हणतो. चित्र एकच, काहीतरी दाबते आहे असे. 'टेन्शन' आणि 'हायपरटेन्शन' या आयात शब्दांनी त्यात भरच घातली. त्यातले टेन्शन धमन्यांतल्या दाबाचे आहे, मनावरच्या ओझ्याचे नव्हे. पण 'मला कसले आलेय टेन्शन?' असे म्हणून गोळ्या बंद करणारी माणसे प्रत्येकाच्या नात्यात सापडतील. उच्च रक्तदाब बहुधा कसलेही लक्षण न दाखवता वर्षानुवर्षे मुरतो. उलट पॅनिकचा झटका सारी लक्षणे एकदम दाखवतो, साधारण दहा मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि ओसरतो. एक आजार गप्प, दुसरा आरडाओरडा करणारा. आणि आपण आवाजावरून गांभीर्य ठरवतो. अर्थात छातीत दुखू लागले तर 'हे मनाचेच' असा निवाडा घरी करू नये. तो ईसीजीनंतर डॉक्टरांनी करावा.

मानसोपचारांत श्वास सोडण्याची लय लांबवायला शिकवले गेले, आणि येणाऱ्या विचाराला उत्तर द्यायलाही. धापा टाकल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, त्यामुळेच मुंग्या येतात, हे समजले तेव्हा त्या मुंग्यांचे मरणाशी असलेले नाते तुटले. मग लाट आली तरी ती लाट आहे एवढे कळू लागले.

घरोघरी अशा माणसाला पहिले वाक्य ऐकवले जाते ते 'मन घट्ट कर' हे. कृष्णही अर्जुनाला प्रथम फटकारतोच. पण त्याने काही होत नाही, आणि मग उरलेला सारा संवाद करावा लागतो. आपण मात्र फटकारून थांबतो. नाशिकजवळच्या टाकळीला समर्थ रामदासांनी बारा वर्षे तपश्चर्या केली असे परंपरा सांगते. पुढे त्यांनी मनाला उद्देशून दोनशे पाच श्लोक रचले, आणि त्यांत मनाला हाक मारली ती सज्जन म्हणून. मन दोषी आहे असे धरून ते बोलू लागत नाहीत. आधी प्रतिष्ठा, मग उपदेश.

हा क्रम आम्हांला उपचाराइतकाच मोलाचा वाटतो. तुमच्या शेजारी कुणाचे हात असे गार पडले, तर पट्टा गुंडाळण्याची घाई आणि धीराचे भाषण या दोन्हींआधी तो हात हातात घ्यावा, आणि जे होते आहे ते खरे आहे, हे त्याला सांगावे. डॉक्टरांकडे न्यायचे असेल तर तो हात तसाच धरून न्यावा.