थेंब आणि गळती

गेल्या महिन्यात सोलापूरच्या आमच्या घरातील 'गाडीच्या खोली'ची फरशी उखडली. आमच्याकडे गॅरेज म्हणजे मिस्त्रीचे दुकान. घरातली ती गाडीची खोलीच. गाडी २०१० साली भंगारात गेली, तरी खोलीचे नाव बदलले नाही. याचे एक कारण फरशीवरचा डाग असावा. परातीएवढा, मध्यभागी काळाकुट्ट आणि कडेकडेने तपकिरी होत गेलेला तो डाग खोलीत शिरणाऱ्या प्रत्येकाला गाडी कुठे उभी राहत असे ते सांगे.

अण्णांनी १९८४ साली ती गाडी घेतली तेव्हाच ती जुनी होती. गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी, आणि थंडीत सुरू व्हायला बराच वेळ घेणारी. ती तेल गाळत असे. दोष गाडीचा म्हणता येणार नाही, वयाचा होता. त्या पिढीच्या इंजिनांत झाकणाखाली बुचाचे पॅकिंग असे. इंजिन रोज तापते आणि निवते. वर्षानुवर्षांच्या या तापण्या-निवण्यात बूच वाळते, आकसते, त्याला भेगा पडतात. बोल्ट आवळावेत तर पत्र्याचे झाकण वाकते आणि तेलाला नवी वाट मिळते. त्यात सोलापूरचा उन्हाळा. तापलेले तेल पातळ होते आणि अधिकच झिरपते.

अण्णा रात्री गाडीखाली जुने वर्तमानपत्र पसरून ठेवीत आणि सकाळी चहाच्या आधी ते वाचीत. बातम्या नव्हे, थेंब. काळा थेंब इंजिनाचा. दाट, गंधकासारखा वास येणारा गिअरच्या तेलाचा. नुसते पाणी असेल तर रेडिएटरचे. एकदा मला जवळ बसवून ते म्हणाले, "थेंब पडतो तिथं गळती नसते, बरं का. तेल वरून कुठून तरी निघतं, इंजिनाच्या अंगावरून ओघळतं, आणि सगळ्यात खालचं टोक सापडलं की तिथून पडतं. चालत्या गाडीत तर वारा त्याला आणखी मागं ढकलतो. आधी सगळं पुसून घ्यायचं, मग शोधायचं." पुढे वर्गात कविता शिकवताना मी हे वाक्य अनेकदा वापरले. शब्द जिथे पडतो तिथेच अर्थाचा उगम शोधू नका, असे मी विद्यार्थ्यांना सांगत असे. त्यांना ते आवडे; मलाही.

खोलीत शहाबादी फरशी होती. सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर कलबुर्गीच्या पुढे शहाबाद लागते. तिथला हा दगड आमच्या भागातल्या घराघरांत आहे. तो चुनखडीचा. वरून गुळगुळीत दिसला तरी तेल पितो. ताजा थेंब लाकडाच्या भुश्शाने किंवा राखेने टिपला तर निभावते. एक रात्र गेली की तेल आत उतरते. मग धुण्याचा सोडा आणि गरम पाणी, आणि काथ्याने घासणे. एकदा कोणाच्या सांगण्यावरून अॅसिड आणले. चुनखडीवर अॅसिड पडले की ती फसफसते आणि झिजते. फरशीची तुकतुकी गेली, पांढुरका खरखरीत पट्टा उमटला, आणि डाग होता तिथेच राहिला.

अण्णा २००८ साली गेले. वर्षभराने मी त्यांच्यावर एक लेख लिहिला. त्याचा सगळा डोलारा 'स्नेह' या एका शब्दावर उभा होता. संस्कृतात स्नेह म्हणजे माया, आणि स्नेह म्हणजे तेलही. आयुर्वेदात तूप, तेल, वसा आणि मज्जा हे चार स्नेह सांगितले आहेत. मराठीतही 'स्निग्ध' पदार्थ असतो आणि 'स्निग्ध' नजरही. तेव्हा फरशीवरचा तो डाग म्हणजे अण्णांचा दगडात मुरलेला स्नेह, असा लेखाचा शेवट होता. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली तेव्हा बरेच हळवे लेखन वाचनात आले, आणि त्यातल्या अनेक वाक्यांत मला माझाच तो लेख दिसला.

लेख मी आईला वाचून दाखवला होता. ती भाजी निवडत होती. शेवटपर्यंत ऐकून ती म्हणाली, "छान लिहिलंयस." मग थोड्या वेळाने, "चोवीस वर्षं घासला मी तो. माझं नाव आलं नाही कुठं."

मी लेख पुन्हा चाळला. भुस्सा होता, सोडा होता, काथ्याही होता. 'डाग घासला जाई' असे कर्मणी वाक्यही होते. घासणारी व्यक्ती मात्र नव्हती. थेंब जिथे पडतो तिथे गळती नसते, हे वाक्य मी वर्षानुवर्षे इतरांना शिकवले. माझ्या लेखातली गळती कुठून होते आहे हे मला दिसले नव्हते. लेख मी कुठेही पाठवला नाही. पण त्याबद्दल आईशी बोललोही नाही.

असो. यंदाच्या पावसाळ्यात आई त्या खोलीत घसरली. झिजलेली, तेल प्यायलेली फरशी ओली झाली की बुळबुळीत होते. हाड वाचले. तिने गवंड्याला बोलावले आणि खरखरीत कोबा करायचे ठरवले. आहे त्या फरशीवरच कोबा ओतता येईल का, असे मी विचारले. गवंडी म्हणाला, "तेलावर सिमेंट धरत नाही, सर. पापुद्रा सुटेल. काढायलाच लागतंय." मग डागाची तरी फरशी बाजूला ठेवू, असे मी सुचवले. आई म्हणाली, "तुला ठेवायची असेल तर पुण्याला घेऊन जा. माझ्या घरात नको." मी नेली नाही.

फरश्या निघाल्या तेव्हा दिसले की तेल दगडापेक्षा सांध्यांतून अधिक उतरले होते. खालचा चुन्याचा थर सांध्यांच्या रेषांनी काळा पडला होता. वरच्या गोल डागाशी त्या आकाराचा काही संबंध नव्हता. आई दारात उभी राहून पाहत होती. "एवढं खाली गेलं होतं होय," एवढेच म्हणाली.

नव्या कोब्याला निदान सात दिवस पाणी मारावे लागते; नाहीतर त्याला तडे जातात. मी रजा वाढवली. आईने पाइप माझ्या हातात दिला आणि स्वतः दाराशी खुर्ची टाकून बसली. सकाळ, दुपार, संध्याकाळ. चौथ्या दिवशी दुपारी मी नळ बंद करून वळलो, तर ती बोट दाखवून म्हणाली,

"तो कोपरा राहिलाय बघ."