संडासावरचे घर

पुण्याला आलेला पाहुणा शनिवारवाडा पाहतो, पर्वती चढतो आणि बाकरवडी बांधून घेऊन परत जातो. मी मात्र मागच्या पुण्याच्या फेरीत मुद्दाम वेळ काढून पाहिला तो येरवड्याच्या बाजूचा, एका वस्तीतला सार्वजनिक संडास! फराळाच्या दिवसांत हा विषय काढल्याबद्दल वाचकांनी नाक मुरडू नये. विषय तसा तुमच्याआमच्या शेजारचाच आहे.

सार्वजनिक संडास एका दिवसात मरत नाही. आधी नळाची तोटी जाते. पितळेला भंगारवाल्याकडे भाव असतो. मग दिवा जातो. अंधार झाला की बायका संध्याकाळनंतर येईनाशा होतात. पाणी नाही म्हणून घाण, घाण म्हणून पोरे बाहेरच बसतात, आणि असा ओंगळ झालेला संडास मोडायला कोणाचाच हात कचरत नाही. शेवटी दारेही जातात. मग आपण लांबून नाकाला रुमाल लावून निकाल देतो, "या लोकांना काही द्या, ठेवता येतच नाही!"

हा निकाल पुण्याने एकदा खोटा पाडला आहे. १९९९ साली महापालिकेचे आयुक्त रत्नाकर गायकवाड यांनी वस्त्यांतल्या संडासांचे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. बांधकामाचा पैसा पालिकेचा. पण आखणी, बांधणी आणि पुढची देखभाल यांत स्वयंसेवी संस्था आणि वस्तीतली माणसे. 'स्पार्क', झोपडपट्टीवासीयांचा राष्ट्रीय महासंघ आणि 'महिला मिलन' ही मंडळी त्यात पुढे होती. काही ठिकाणी तर वस्तीतल्या बायकांनीच बांधकामाची कंत्राटे घेतली. २००१ पर्यंत ४०० हून अधिक इमारती आणि त्यांत १०,००० हून अधिक शौचकूप उभे राहिले. मोडकळीला आलेल्या कित्येक जुन्या संडासांच्या जागी हे नवे आले.

मी पाहिलेली इमारत याच धाटणीची. बायकांचे दार वेगळे, पुरुषांचे वेगळे, त्यामुळे रांगेत उभे राहताना नजरा चुकवाव्या लागत नाहीत. आतली दारे दोन्ही बाजूंना उघडतात. हातात भरलेली बादली असली की माणूस दार खांद्यानेच लोटणार. एकाच बाजूला उघडणारे दार अशा धक्क्यांनी बिजागरीतून निखळते. मुलांसाठी निराळी जागा आहे. भोक लहान, धरायला दांडा. मोठ्यांच्या रांगेत पोरांचा नंबर कधी लागतच नाही, हे ज्या आईने सोसले असेल तिलाच हे सुचावे. पाण्याची टाकी ऐसपैस आहे. आणि वरच्या मजल्यावर राखणदाराच्या कुटुंबाची खोली!

त्या खोलीच्या दाराशी तुळस होती. राखणदार बाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. "मावशी, इथे मोडतोड होत नाही का?" मी विचारले.

"व्हती की, सर," त्या म्हणाल्या. "पर कडी वाजली तरी मला वर ऐकू येतंय. मोडणारं पोर बी वळखीचं, त्याची आई बी वळखीची. सांजच्याला कडी नवी बसवून द्यावीच लागती."

पोलादी दारे आणि फुटणार नाहीत अशी भांडी यांनी टिकाऊपणा येतो हे खरेच. पण मावशींच्या कानाइतकी राखण त्यांना जमायची नाही. सुरुवातीच्या काळात कुटुंबामागे महिना २० रुपयांचा पास असे. त्यातून मुख्यतः राखणदाराचे आणि साफसफाईचे भागवायचे. पण रक्कम लहान असली तरी पैसे भरणारा हक्काने विचारू लागतो, "आज पाणी का नाही?"

जुन्या वाड्यात वाढलेल्यांना हे नवे वाटणार नाही. मागच्या अंगणातल्या संडासाला कुलूप असे आणि किल्ली तीन बिऱ्हाडांच्या खुंटीवर. कोणाच्या पाळीला पाणी कमी पडले, याचा पंचनामा दुपारपर्यंत पुरा होई. तिथले लोक काही जन्मजात स्वच्छ नव्हते. संडास कोणाचा, हे तिथे ठरलेले होते, इतकेच.

सगळीकडेच हे साधले असे मात्र नाही. जिथे पासाचे पैसे जमेनात, राखणदार सोडून गेला किंवा पाणीच आटले, तिथे नवी इमारतही जुन्याच वाटेने गेली. पुढे कितीतरी घरांत स्वतःचे संडास आले. ती आनंदाचीच गोष्ट. पण पास काढणारे घटले म्हणजे उरलेल्यांचा भार कोणी उचलायचा? ज्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत मोरीलाही जागा नाही, त्याला सार्वजनिक संडासावाचून गती नाही.

म्हणून नव्या संडासाचे उद्घाटन असले की फीत कोणी कापली यापेक्षा एकच चौकशी करावी : इथे रात्री कडी वाजली तर ती कोणाला ऐकू जाणार आहे?